कोया, कुमानो, तातेयामा : नणंद-भावजयीची जपानयात्रा

बडोद्यात सध्या जपानचा विषय निघाला की बोलणे बुलेट ट्रेनवर जाते. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गावरील बारा स्थानकांपैकी एक आमच्या गावाच्या वाट्याला आले आहे, उंच खांब आणि त्यांवरचा पूल येता-जाता दिसतो, आणि ज्यांच्या मुला-पुतण्यांना त्या कामावर नोकरी लागली आहे त्यांच्या घरी जपानी साहेब चहाला येऊन गेल्याच्या कथाही ऐकायला मिळतात. त्याच ओघात जपानच्या सहली वाढल्या. तोक्यो, फुजीचे दुरून दर्शन, क्योतोतील दोन-चार देवळे, ओसाका, आणि बरोबर स्वयंपाकाला आपला महाराज, म्हणजे सकाळचा खाखरा आणि रात्रीची खिचडी-कढी चुकायला नको. अशा सहलींना मी नावे ठेवत नाही. आमच्या भिशीतल्या मैत्रिणी त्यांतूनच आनंदाने जाऊन आल्या आहेत. परंतु माझ्या मोठ्या नणंदबाईंनी, म्हणजे वन्संनी, जपानला यायचे कबूल केले ते एका अटीवर. वन्सं दर चैत्रात नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा करतात, गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला नेमाने जातात, आणि ज्या प्रवासात स्नान नाही, दर्शन नाही आणि थोडे तरी पायी चालणे नाही त्याला त्या ‘हिंडणे’ म्हणतात. हिंडायला त्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या पलीकडेही जायला तयार नव्हत्या.

म्हणून आम्ही तोक्यो सोडून दिले. ओसाकाच्या दक्षिणेला की नावाचे डोंगराळ द्वीपकल्प समुद्रात शिरलेले आहे. त्यातील कोया, कुमानो आणि योशिनो-ओमिने ही तीन तीर्थक्षेत्रे व त्यांना जोडणाऱ्या पायवाटा २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्यांपैकी कोया आणि कुमानो करायचे, आणि मग उत्तरेला तोयामा प्रांतातील तातेयामा गाठायचा, असा बेत ठरला. फुजी, हाकुसान आणि तातेयामा हे जपानचे तीन पवित्र पर्वत मानले जातात. निघण्यापूर्वी वाचन करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि पुढे सगळ्या प्रवासभर ती आमच्याबरोबर राहिली. कोया आणि तातेयामा या दोन्ही डोंगरांवर स्त्रियांना कित्येक शतके मज्जाव होता. आणि कुमानो मात्र त्याच काळात बायकांना, आजाऱ्यांना, सर्वांना या म्हणत होते. दोघी बायकाच निघालो असल्याने ही माहिती नुसती माहिती म्हणून वाचणे शक्य नव्हते.

दसरा झाल्यावर निघालो. पहिला मुक्काम नारा. तेथील हरणांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यांना वगळते. तोदाइ-जी देवळातील सुमारे पंधरा मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीपुढे मात्र आम्ही बराच वेळ उभ्या होतो. ७५२ साली या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले तेव्हा डोळे रेखण्याचा मान बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला मिळाला होता. तो ७३६ साली जपानात पोहोचला होता. त्याच्या हातातील कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सर्वांना लाभावे. तो कुंचला आजही तेथील शोसोइन या भांडारात जपलेला आहे. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने शामळाजीजवळ देवनी मोरी येथे उत्खनन करून बुद्धाच्या अवशेषांचा करंडक शोधला आणि तो बडोद्यातच आहे. पण गावात जन्म काढलेल्या किती जणांनी तो पाहिला असेल, हा विचार शोसोइनसमोर मनात आल्याशिवाय राहिला नाही.

ओसाकाच्या नांबा स्थानकावरून नानकाइ कंपनीची गाडी कोयाकडे जाते. शेवटच्या टप्प्यात ती डोंगराच्या कडेकडेने इतकी वळते की चाकांची कुरकुर डब्यात ऐकू येते. वाटेत कुदोयामा नावाचे स्थानक लागते. नवव्या शतकात कोयाची स्थापना करणाऱ्या कुकाइची, म्हणजेच कोबो दाइशीची, आई त्याला भेटायला आली, पण स्त्री असल्यामुळे तिला डोंगरावर येता येईना. ती पायथ्याशी जिसोन-इन येथे राहिली आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा वीस-बावीस किलोमीटरची वाट उतरून तिला भेटायला येत असे, अशी कथा आहे. मी ती वन्संना सांगितली तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “नियम त्यानेच केला असेल ना?” त्यांनी विचारले. मी म्हटले, मठाची तशी रीतच होती. “मग नऊ वेळा खाली येण्यापेक्षा एकदा रीत बदलायची होती.” यावर मला काही उत्तर सुचले नाही, आणि इतर भक्तिपर लेखनात ही कथा मातृप्रेमाचा नमुना म्हणून सांगितलेली वाचताना आता मला ते वाक्य आठवते.

गोकुराकुबाशीहून केबल कार पाच मिनिटांत वर नेते. तेथून गावात जाणारी बस एका लहानशा, जुन्या लाकडी इमारतीपाशी थांबते. ते न्योनिन-दो, म्हणजे बायकांचे मंदिर. कोयाला चढणाऱ्या सात वाटांच्या तोंडाशी अशी सात मंदिरे होती. तिथपर्यंत बायकांनी यायचे, रात्र काढायची, आणि मग डोंगराच्या कडेने, शिखरांवरून फिरत जाऊन खालच्या खोलगट पठारावरील देवळांचे कळस झाडांतून दिसतात का ते पाहायचे. सातांपैकी हे एकच उरले आहे. १८७२ साली सम्राट मेइजीच्या सरकारने देवस्थानांवरील स्त्रीबंदी फर्मान काढून उठवली, तरी कोयावर बायकांना पुरती मोकळीक मिळायला विसावे शतक उजाडले. आत अंधार, धुपाचा वास, आणि पाठीला पिशव्या लावलेल्या चार-पाच जपानी आज्या. त्यांतल्या एकीने वन्संच्या हातात दोन उदबत्त्या ठेवल्या आणि कुठे लावायच्या ते बोटाने दाखवले.

कोयावर हॉटेले जवळजवळ नाहीत. पन्नासएक देवळांतच यात्रेकरूंची राहण्याची सोय असते. जमिनीवर तातामीच्या चटया, रात्री त्यांवर अंथरूण, आणि जेवण मठाच्या शिस्तीचे. शाकाहारी माणसाच्या जपानमधील अडचणींविषयी पुष्कळ ऐकले होते आणि ते खरेही आहे, कारण वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या सूपात आणि भाजीतही बोनितो माशाच्या सुक्या कापांचे पाणी असते. कोयावर मात्र हा प्रश्न सुटलेला आहे. मठाच्या स्वयंपाकात मांस-मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही. सूपाचे पाणी समुद्री शेवाळाचे आणि शिताके अळंबीचे. लाल लाखेच्या चौरंगावर लहान-लहान वाट्या येतात. तिळाचा वाटून, घोटून केलेला मऊ लुसलुशीत तोफू, थंडीत गोठवून मग वाळवलेला आणि रसात भिजवलेला कोया-तोफू, भोपळ्याची आणि शिसो नावाच्या सुगंधी पानांची भजी, लोणच्याच्या दोन फोडी, भात. वन्संनी भज्याचे पीठ बोटांनी चुरून पाहिले आणि ते डाळीचे नसून गव्हाचे असल्याचा निर्णय दिला. चातुर्मास पाळणाऱ्या माणसाला जपानमध्ये कुठे न्यावे असे मला कोणी विचारले तर मी डोळे मिटून कोयाचे नाव सांगेन.

पहाटे सहाला प्रार्थना. नंतर एका भिक्षूने कुंडात लाकडी समिधा रचून, त्यावर तेल आणि धान्य वाहून होम केला; ज्वाळा छताच्या बऱ्यापैकी जवळ जात होत्या आणि बाजूला दुसरा भिक्षू मोठ्या ढोलावर ठेका धरून होता. ही विद्या कुकाइने ८०४ ते ८०६ या काळात चीनमध्ये गुरूपाशी राहून मिळवली आणि ती चीनला भारतातून गेली होती, हे कागदावर वाचणे वेगळे आणि वन्संनी न सांगता योग्य क्षणी हात जोडणे वेगळे.

ओकुनो-इन हे कोयाचे खरे हृदय. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी, म्हणजे जपानी देवदार, वृक्ष, आणि त्यांच्या मुळांत दोन लाखांहून अधिक थडगी व स्मारके. शेवाळाने हिरवे झालेले दगडी स्तूप पाच आकारांचे असतात: चौकोन, गोल, त्रिकोण, अर्धगोल आणि वर कळी. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. कोणी समजावून सांगावे लागले नाही. नोबुनागा आणि हिदेयोशी यांच्यासारखे सत्ताधीश, एकमेकांशी आयुष्यभर लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन, सगळे एकाच सावलीत आहेत. नवीन भागात कंपन्यांचीही स्मारके आहेत, आणि वाळवीनाशक व्यवसायाच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी उभारलेले एक स्मारक आहे, ज्यावर वाळवीला शांतपणे झोपी जा असे लिहिले आहे. मला हसू आले. वन्संना आले नाही. त्यांच्या मते ज्याच्यावर पोट आहे त्याला नमस्कार करायलाच हवा.

वाटेच्या शेवटी एक छोटा पूल आहे, त्यापलीकडे छायाचित्रे काढायची नाहीत आणि टोपी काढायची. पलीकडे दिव्यांचे मंदिर आणि त्यामागे कुकाइची समाधी. ८३५ साली तो वारला असे त्याचे भक्त म्हणत नाहीत. तो ध्यानात बसला आहे असे म्हणतात, आणि दररोज दोन वेळा, पहाटे सहाला आणि साडेदहाला, भिक्षू लाकडी पेटीतून त्याचे जेवण घेऊन जातात. एखाद्या युरोपीय प्रवाशाला हे समजावून द्यायला परिच्छेद लागतो. ज्याने आळंदीला संजीवन समाधीपुढे डोके ठेवले आहे त्याला तो लागत नाही.

कोयाहून कुमानोकडे हंगामात बसची सोय असते, आणि मोठे सामान आदल्या दिवशी पुढच्या मुक्कामी पाठवून देण्याची जपानी सेवा इतकी चोख आहे की पाठीवर एका रात्रीपुरती पिशवी घेऊन निघता येते. ज्यांना जमते ते डोंगरातून कित्येक दिवस चालत जातात. आम्ही शेवटचा टप्पा निवडला: होश्शिनमोन-ओजीपासून होंगूच्या मुख्य देवळापर्यंत सुमारे सात किलोमीटर, बहुतेक उतार. गुडघे साठीचे असले तरी हा टप्पा निवांतपणे होतो. सुरुवातीला चहाचे मळे आणि तांदळाची खाचरे असलेली चार-चार घरांची वस्ती, कठड्यावर विकायला ठेवलेली खारवलेली उमे फळे आणि शेजारी पैसे टाकायचा डबा; राखायला कोणी नाही. मग दगडी फरशांची, पाइन-सुगीच्या अंधारातली जुनी वाट. एके काळी सम्राटपद सोडलेले राजेही क्योतोहून या वाटेने येत, गो-शिराकावाने तर ही यात्रा तीसहून अधिक वेळा केली, आणि नंतर सामान्य लोकांची इतकी रीघ लागली की ‘कुमानोला निघालेल्या मुंग्या’ असे तिचे वर्णन रूढ झाले.

या वाटेवर फुशिओगामी-ओजी नावाची जागा आहे. झाडी उघडते, खाली दरी दिसते, आणि यात्रेकरू इथून होंगूचे पहिले दर्शन घेऊन दंडवत घालत. अकराव्या शतकाच्या सुमाराची कवयित्री इझुमी शिकिबू इथवर आली आणि नेमकी तिची पाळी आली. एवढ्या जवळ येऊन देवळात जाता येणार नाही म्हणून तिने आपल्या दुःखावर एक कविता केली. रात्री कुमानोचा देव तिच्या स्वप्नात आला आणि त्यानेही कवितेतच उत्तर दिले: मी मुळातच या जगाच्या धुळीत मिसळून राहणारा देव आहे, मला तुझ्या पाळीची कसली अडचण? दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली. तिच्या नावाचा म्हणून दाखवतात तो दगडी स्तूप तिथे कडेला उभा आहे.

वन्संची पिढी ‘बाजूला बसलेली’ आहे. दांडिया बाजारातल्या वाड्यात त्यांच्या लहानपणी त्यासाठी माडीखालची वेगळी खोली होती, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा खोली गेली असली तरी देवघराची शिवाशिव पाळली जात होती. पाळायला लावणाऱ्यांत वन्संही होत्या. यावर आम्ही दोघी आजवर कधी बोललो नव्हतो. मी गोष्ट सांगून संपवली. त्या बाकावर बसून संत्रे सोलत होत्या. अर्धे माझ्या हातात देत म्हणाल्या, “देवाला चालत होतं म्हणजे. आपल्यालाच चालत नव्हतं.” मग उठून स्तूपाला हात लावून आल्या. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ साली बायकांना खुला झाला तेव्हा याच वन्सं, काय नडले आहे त्या मुलींना, असे म्हणाल्या होत्या, हे इथे नोंदवायला हवे. मी त्यांना त्याची आठवण करून दिली नाही.

होंगूचे देऊळ पूर्वी खाली नदीच्या वाळवंटात होते. १८८९ च्या महापुरात त्याचा बराच भाग वाहून गेला आणि जे वाचले ते वर टेकडीवर नेऊन पुन्हा उभे केले. मूळ जागी आता मोकळे गवत, झाडे आणि भातशेतीच्या मधोमध जवळजवळ ३४ मीटर उंचीची काळी कमान आहे, जपानमधली सर्वांत मोठी. नव्या देवळापेक्षा मला ही रिकामी जागाच अधिक आवडली.

कुमानोच्या दर्शनाआधी यात्रेकरू युनोमिनेच्या गरम पाण्यात स्नान करून शुद्ध होत. आम्ही क्रम उलटा केला, पाय दुखत होते म्हणून. युनोमिने म्हणजे एका अरुंद ओढ्याच्या दोन्ही काठांवर दाटलेली काही घरे आणि खानावळी. ओढ्यातूनच वाफ निघत असते. उगमाचे पाणी नव्वद अंशांच्या आसपास. गावकऱ्यांनी एक दगडी हौद बांधून ठेवला आहे, त्यात जाळीच्या पिशवीत अंडी किंवा भाज्या सोडून शिजवता येतात. त्या दिवशी एकादशी होती. दुकानातून रताळी घेतली, पिशवी दोरीने खुंटीला बांधली, आणि वन्सं शेजारच्या बाकावर घड्याळ बघत बसल्या. अर्ध्या तासात सालीला हलका गंधकाचा वास असलेली, आतून पिवळी धमक रताळी तयार झाली. मीठ-तिखटाची पुडी त्यांच्याकडे होतीच.

गरम पाणी म्हटले की जपानमध्ये ज्वालामुखी डोळ्यांसमोर येतो, आणि देशभरातील सत्तावीस हजारांच्या घरात असलेल्या उगमांपैकी पुष्कळांचे कारण तेच आहे. ‘की’ द्वीपकल्पात मात्र एकही जागता ज्वालामुखी नाही. फिलिपीन समुद्राखालचा भूपट्ट इथे जपानच्या खाली सरकतो, खोल गेल्यावर दाबाने व उष्णतेने त्यातील पाणी सुटते आणि ते तापलेले पाणी भेगांतून वर येते, असे शास्त्रज्ञ सांगतात. गोध्र्याजवळचे टुवा किंवा नवसारीकडचे उनाई यांच्याखालीही ज्वालामुखी नाही. तिथे पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरून पृथ्वीच्या पोटातील उबेने तापते. तेव्हा पाणी आपल्याकडेही आहे. फरक काठावर आहे. जपानने १९४८ साली या पाण्यासाठी स्वतंत्र कायदा केला: उगमाशी किमान पंचवीस अंश तापमान हवे, किंवा ठरवून दिलेल्या एकोणीस घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात हवा, तरच त्याला ओनसेन म्हणता येते. आणि कायद्याहून कडक अशी रीत म्हणजे अंग आधी बाहेर स्वच्छ धुवायचे, साबणाचा कणही राहू द्यायचा नाही, आणि मगच कुंडात उतरायचे. आपल्याकडे कुंडातच साबण लावणारी आणि तिथेच लुगडे पिळणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत, आणि ती श्रद्धेत कुठे कमी नसतात.

ओढ्यातच एका लाकडी खोपटाखाली त्सुबोयू नावाचे दगडी कुंड आहे. दोन-तीन माणसे मावतील एवढेच. नंबराचा बिल्ला घेऊन अर्ध्या तासाची पाळी मिळते. जागतिक वारशात नोंद असलेले आणि तरीही आत उतरून स्नान करता येणारे हे कुंड. ओगुरी हांगान या योद्ध्याला विष घालून मारले, तो यमलोकातून परत आला तो आंधळ्या-बहिऱ्या, कुजलेल्या देहाने. त्याला गाड्यावर घातले आणि जो जो दोर ओढील त्याला पुण्य, असे गाड्याला लिहिले. वाटेवरच्या अनोळखी लोकांनी ओढत त्याला इथवर आणले आणि एकोणपन्नास दिवस या पाण्यात बुडवल्यावर तो पूर्ववत झाला. ही कथा फिरते गायक दारोदार सांगत. कुष्ठरोगीही या कुंडाच्या आशेने कुमानोला येत, आणि त्यांना कोणी हाकलत नसे.

आता स्नानाविषयी, कारण परतल्यावर सर्वांत अधिक प्रश्न याचेच आले. होय, काहीही न घालता उतरायचे असते. बायकांचे कुंड वेगळे, पुरुषांचे वेगळे; दारावरच्या पडद्याचा रंग बघून घ्यायचा. आम्ही उतरलो त्या घरगुती खानावळीच्या न्हाणीत गोंदवलेल्यांना प्रवेश नाही अशी पाटी होती, कारण जपानमध्ये गोंदण म्हटले की गुंडांच्या टोळ्या आठवतात. वन्संच्या उजव्या मनगटाच्या वर हिरवे तुळशीवृंदावन आहे, त्यांच्या आजीने जत्रेत गोंदवून घेतलेले. मी फोनवर भाषांतर करून मालकिणीला दाखवले. तिने वन्संचा हात हातात घेतला, अंगठ्याने ते वृंदावन पुसून पाहिल्यासारखे केले, आत गेली आणि कातडीच्या रंगाची एक चिकटपट्टी घेऊन आली. पट्टी थोडी लहान पडली. वृंदावनाच्या वरची पाने बाहेर राहिली. तिने ती पाहिली आणि चालेल अशा अर्थाने मान हलवली.

संकोच मला वाटत होता. वन्संनी “इथे कोण ओळखतंय आपल्याला” म्हणून कपडे टोपलीत ठेवले आणि ठेंगण्या स्टुलावर बसून अंग घासायला घेतले, नरकचतुर्दशीच्या पहाटे घासतात तसे, कोपर, टाचा, मान, काही न सोडता. शेजारच्या वृद्ध बाईंनी ते कौतुकाने पाहिले. पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास असावे. पहिल्या मिनिटाला सोसवत नाही, तिसऱ्या मिनिटाला बाहेर यावेसे वाटत नाही. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी घालून डोक्यावर ठेवायचा. नव्वदीच्या आणि विशीच्या, सुरकुतलेल्या आणि बाळंतपणाच्या खुणा असलेल्या, सगळ्या बायका डोक्यावर पंचा ठेवून गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या होत्या, आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वन्संच्या आधी जाऊन बसले.

नाचीचा १३३ मीटरचा धबधबा आणि शेजारचे सेइगांतो-जी हे देऊळ मी थोडक्यात आवरते, कारण तिथे पाऊस लागला आणि धबधब्यापेक्षा छत्र्याच जास्त दिसल्या. देवळाची स्थापना समुद्रातून वाहत आलेल्या एका भारतीय साधूने केली अशी परंपरा आहे. आणि याच किनाऱ्यावरून काही भिक्षू बंद होडीत बसून दक्षिणेकडे सोडले जात, अवलोकितेश्वराच्या पोतलक पर्वताला पोहोचण्यासाठी. तो पर्वत जुन्या ग्रंथांत दक्षिण भारताच्या बाजूला सांगितला आहे. म्हणजे साधू तिकडून इकडे आला आणि हे इकडून तिकडे निघाले. बहुतेक परत आले नाहीत.

किनाऱ्याने नागोया, आणि नागोयाहून ताकायामामार्गे तोयामा, असा गाड्यांचा लांब दिवस काढला. परदेशी प्रवाशांसाठीचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला, त्यामुळे अशा प्रवासाला सुटी तिकिटेच परवडतात. नानकाइची गाडी आणि डोंगरातल्या बहुतेक बसगाड्या त्या पासात तसेही बसत नाहीत.

तातेयामाला पायथ्यापासून केबल कार बिजोदाइराला, ९७७ मीटरवर नेते, आणि तिथून बस मुरोदोला २,४५० मीटरवर सोडते. कळसूबाई १,६४६ मीटर आहे हे मनात ठेवले म्हणजे उंचीचा अंदाज येतो. हा मार्ग १९७१ साली पूर्ण झाला. हिवाळ्यात तो बंद असतो, आणि वसंतात उघडतो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात. आम्ही गेलो तेव्हा खाली बीचची झाडे पिवळी होती, मध्ये लाल झुडपांचे गालिचे, आणि वर नुकताच भुरभुरलेला पहिला बर्फ. एका तासात तीन ऋतू पाहून झाले. बिजोदाइराच्या स्थानकाबाहेर एक जुना सुगी वृक्ष आहे. तोरो नावाची भिक्षुणी बंदी मोडून बायकांना घेऊन हा डोंगर चढू लागली तेव्हा तिच्या सोबतिणींची झाडे झाली आणि पुढे तिचाही दगड झाला, अशी कथा आहे. वन्संनी झाडाच्या बुंध्याला हळद-कुंकू वाहिले. बरोबर आणले होते हे मला तेव्हाच कळले.

मुरोदोचे पठार सुंदर आहे, पण गोड नाही. समोर ३,००३ मीटरचे ओयामा शिखर, त्याच्या माथ्यावर देऊळ. याच पर्वतराजीतील कायमच्या बर्फाला २०१२ साली जपानमधील पहिल्या हिमनद्या म्हणून मान्यता मिळाली. पायाशी मिकुरिगाइके हे निळेशार विवरातले तळे. आणि तळ्यापलीकडे जिगोकुदानी, नरकदरी: उजाड पिवळट जमीन, भोकांतून सतत सुसाट निघणारी वाफ, आणि सडक्या अंड्यांचा वास. विषारी वायूमुळे तिथली पायवाट बंद आहे, वरूनच बघायचे. मेलेल्यांचे आत्मे इथे येतात असा विश्वास होता. आशिकुराजी गावाचे भिक्षू या नरकाची आणि वरच्या स्वर्गाची मोठी रंगीत चित्रे गुंडाळून गावोगाव हिंडत आणि चित्रावर काठी ठेवून कथा सांगत. पिंगुळीचे चित्रकथी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही पद्धत नवी नाही.

त्या चित्रांत एक भाग बायकांचा असे. तळ्याच्या पुढे थोडे गेले की चि-नो-इके, रक्ताचे कुंड, लागते. लोहाच्या गंजाने तांबडी झालेली उथळ डबकी आहेत ती. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या रक्ताने जमीन-पाणी विटाळल्याबद्दल बायका मेल्यावर या कुंडात पडतात, अशी शिकवण होती. आणि त्यांच्या सुटकेसाठी एका विशिष्ट सूत्राच्या प्रती या पाण्यात टाकल्या जात. टाकणारे अर्थातच पुरुष, कारण बायकांना इथे यायलाच बंदी होती. त्यांच्यासाठी पायथ्याशी दुसरी सोय होती: डोळ्यांवर पट्टी बांधून, पुलावर अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरून ओढा ओलांडायचा, पलीकडच्या अंधाऱ्या मंदिरात बसायचे, की पुण्य लागले. हा विधी मेइजी काळात थांबला आणि १९९६ साली पुन्हा सुरू झाला. आता बायका हौसेने त्यात भाग घेतात. कुमानोत ज्या गोष्टीची देवाला अडचण नव्हती तिच्यासाठी इथे नरक काढून ठेवला होता, आणि दोन्ही ठिकाणी देव, बुद्ध आणि ग्रंथ जवळजवळ तेच. वन्सं कठड्याला टेकून त्या डबक्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. “गंज आहे हा,” त्या म्हणाल्या. “आमच्या गच्चीवरच्या टाकीतही असाच येतो.”

मिकुरिगाइके ओनसेन हे २,४१० मीटरवरचे ठिकाण जपानमधील सर्वांत उंचावरचे गरम पाण्याचे मुक्कामस्थान म्हणून ओळखले जाते. पाणी त्याच नरकदरीतून आणलेले, दुधासारखे पांढरे, चवीला आंबट, चांदीचे दागिने काळे पाडणारे. तेव्हा जोडवी आणि साखळी आधी काढून ठेवावीत. थंडी बाहेर शून्याजवळ होती. बायकांच्या बाजूला आठ-दहा जणी होत्या, त्यांतल्या तिघी दुपारीच ओयामावर जाऊन आलेल्या, पासष्टीच्या पुढच्या. वन्संनी त्यांना खुणेने विचारले, गुडघे? एकीने पाण्याबाहेर पाय काढून दोन्ही गुडघ्यांवरचे शस्त्रक्रियेचे व्रण दाखवले. त्या रात्री वन्संना झोप लागली नाही, उंचीमुळे की गुडघ्यांच्या विचाराने ते मला ठाऊक नाही.

परतल्यावर भिशीत खर्चाचे, खाण्याचे आणि कपड्यांचे प्रश्न झाले. वन्संनी मात्र पुढचे ठरवून टाकले आहे. ‘की’ द्वीपकल्पातील तिसरे तीर्थ, ओमिनेचे सांजोगाताके शिखर, आजही बायकांना बंद आहे. जागतिक वारशाच्या यादीत असूनही. वाटेवर एक लाकडी महाद्वार आहे आणि स्त्रियांनी इथून पुढे येऊ नये अशी पाटी आहे. “त्या पाटीपर्यंत जाऊ,” त्या म्हणतात, “अलीकडे बसून डबा खाऊ. अलीकडे बसायला तर कोणाची ना नाही?” ना नाही. पायथ्याचे दोरोगावा हे गाव बसने गाठता येते, तिथेही गरम पाण्याची न्हाणी आहे, आणि तो डोंगर दर वर्षी ३ मे रोजी उघडतो व २३ सप्टेंबरला मिटतो. बडोद्यातला मे महिना टाळायला याहून चांगले निमित्त नाही, म्हणून मी तिकिटांच्या तारखा बघायला घेतल्या आहेत.